वावराचा फोटो आणि एन्टँगलमेंट: एका कापूस गटाचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यात वणीच्या बाजूच्या एका गावातलं हे प्रकरण आहे. गावाचं नाव देत नाही, विकायला आलेल्या कंपनीचंही देत नाही, मुद्दा नावाचा नाहीच. गावात कापूस उत्पादकांचा एक गट आहे, बहुतेक सगळे कोरडवाहू, आणि गटाची अध्यक्ष माझी चुलत वहिनी. पऱ्हाटी (कापसाचं झाड) पात्यावर, म्हणजे कळ्यांवर, आली होती तेव्हा गटाच्या बैठकीला एक माणूस आला, लॅपटॉप घेऊन, बोलायला एकदम नम्र. त्याचं म्हणणं असं की तुम्ही फक्त आपल्या वावराचा मोबाईलवर फोटो काढा अन् व्हॉट्सॲपवर पाठवा, आम्ही तो फोटो आमच्या मशीनमध्ये ठेवून त्याला फ्रिक्वेन्सी देतो, फोटो अन् वावर क्वांटम एन्टँगलमेंटने जोडलेले असतात, म्हणून इकडे फोटोला दिलं की तिकडे वावराला लागू पडतं, गुलाबी बोंडअळी येणारच नाही आणि फवारणीची गरज नाही. एकरी दर साधारण दोन फवारण्यांच्या खर्चाएवढा, पैसे आधी. आणि शेवटच्या स्लाईडवर २०२२ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलची बातमी, तीन शास्त्रज्ञांचे फोटो.

लोक यात कसे काय आले असं शहरातल्या माणसाला वाटेल, पण २०१७ चा हंगाम ज्याने पाहिला त्याला वाटणार नाही. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने विदर्भात वावरंच्या वावरं खाल्ली, ज्या बीटी बियाण्याच्या भरवशावर सगळे होते त्यातली अळी मारणारी दोन्ही प्रथिनं या अळीला पचायला लागली होती, आणि त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी अन् मजूर मेले. ज्या घरात पंप पाठीवर घ्यायची भीती बसली आहे त्या घरात कोणी येऊन "फवारणी नको" म्हणालं तर ते ऐकून घेतलं जातंच. त्यांना भोळे म्हणणं मला पटत नाही.

वहिनीचा रात्री फोन आला. "ताई, तुमी फिजिक्स शिकवता ना, हे एन्टँगलमेंट खरं हाय का फोकनाड हाय?"

अडचण ही होती की एन्टँगलमेंट शंभर टक्के खरं आहे. नोबेलही खरं आहे, ॲलन आस्पे, जॉन क्लाऊजर आणि अँटन झायलिंगर या तिघांना एन्टँगल्ड, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या, फोटॉनवरच्या (प्रकाशाच्या कणांवरच्या) प्रयोगांसाठीच ते मिळालं. खोटा होता तो फक्त मधला सांधा, नोबेलपासून बोंडअळीपर्यंतचा. आणि तो सांधा खोटा आहे हे फोनवर दोन वाक्यांत सांगितलं असतं तर माझा शब्द विरुद्ध त्याचा शब्द एवढंच झालं असतं, आणि त्याच्याकडे लॅपटॉप होता. म्हणून मी म्हटलं, पैसे थांबवा, रविवारी येते.

एन्टँगलमेंट आहे तरी काय

रविवारी शाळेच्या वर्गात गट बसला, अभ्यासिकेतली पोलीस भरतीची तयारी करणारी पोट्टीही आली. मी आधी खरी गोष्ट सांगितली. एका खास क्रिस्टलवर लेझर सोडला की कधीकधी एका फोटॉनमधून दोन फोटॉन निघतात, आणि त्या दोघांचं ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशाची लहर कोणत्या दिशेने हलते ते, एकमेकांत गुंतलेलं असतं. एकट्या फोटॉनला विचारलं तू आडवा का उभा, तर उत्तर पन्नास-पन्नास, काही सांगता येत नाही. पण दोघांनाही तोच प्रश्न विचारला की उत्तरं जुळतात, मधे कितीही अंतर असो.

वहिनी लगेच म्हणाली, "त्यात काय नवल हाय, चपलेचा जोड दोन थैल्यांत टाकला, एक थैली वणीले नेली, उघडली अन् डावी निघाली तर घरच्या थैलीत उजवीच राहीन ना."

मला हे इतकं आवडलं की मी तिथेच थांबले. कारण १९३५ साली आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन या तिघांनी जो पेपर लिहिला त्याचा रोख हाच होता. उत्तरं आधीच ठरलेली असणार, क्वांटम सिद्धांताला ती दिसत नाहीत म्हणजे सिद्धांत अपुरा आहे. त्यानंतर जवळपास तीस वर्षं हा वाद असाच पडून राहिला, बहुतेक भौतिकशास्त्रज्ञांना तो तत्त्वज्ञानाचा, म्हणजे रिकामपणाचा वाटत होता. १९६४ मध्ये जॉन बेल नावाच्या माणसाने त्यात हात घातला, जो नोकरीला सर्नमध्ये, म्हणजे युरोपच्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत होता, कण त्वरकांवर (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रांवर) काम करायचा, आणि हे काम सुट्टीच्या काळात, कोणी सांगितलं नसताना केलं. त्याने दाखवलं की चपलेच्या जोडासारखं असेल तर उत्तरं जुळण्याला एक मर्यादा असते, आणि क्वांटम सिद्धांत ती मर्यादा ओलांडतो. म्हणजे मोजून ठरवता येतं कोण बरोबर ते.

नुसतं ऐकून हे पटत नाही, म्हणून आम्ही त्याचा खेळच केला. दोन पोट्टे, दोन वेगळे वर्ग, फोन टेबलावर जमा. प्रत्येकाला एक चिठ्ठी येते, शून्य किंवा एक. प्रत्येकाने "हो" किंवा "नाही" लिहायचं. दोघांनाही एक आला असेल तर उत्तरं वेगळी पाहिजेत, बाकी कधीही सारखी पाहिजेत. आधी बसून काय वाटेल तो डाव ठरवून घ्या, पण चिठ्ठी मिळाल्यावर बोलायचं नाही. पोट्ट्यांनी पुष्कळ डाव रचले, जोड्या बदलल्या, एकाने तर कागदावर तक्ता आखून आणला, आणि शेवटी सगळे तिथेच येऊन थांबले की दोघांनीही कायम "हो" लिहिलं तर चारपैकी तीन वेळा जिंकतो, त्याच्या पुढे लांब पल्ल्यात जाताच येत नाही. शंभरात पंच्याहत्तर. ही बेलची मर्यादा, खेळाच्या रूपात. एन्टँगल्ड फोटॉनची जोडी हाताशी असेल तर हाच खेळ शंभरात ८५ च्या आसपास जिंकता येतो. २०१५ साली नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला एकमेकांपासून १.३ किलोमीटर लांबच्या दोन प्रयोगशाळांत असा प्रयोग केला, फोटॉनऐवजी गुंतलेल्या इलेक्ट्रॉनवर मापं घेऊन, निकालावर शंका घ्यायच्या पळवाटा बंद करून, आणि निकाल खेळाच्या हिशेबात ८० च्या आसपास आला. पंच्याहत्तरच्या वर. चपलेचा जोड हरला.

मी हा खेळ एवढा वेळ घेऊन खेळवला त्याचं कारण पुढे होतं. तक्तावाल्या पोट्ट्याने विचारलं, "मंग मॅडम, एकाने इकडे काही केलं तर तिकडच्याले ते समजते का?" मी त्याला म्हटलं, तुझ्या एकट्याचा कागद घे अन् सांग तुम्ही जिंकले का हारले. त्याला सांगता येईना. एकट्याच्या कागदावर नुसते हो-नाही. दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवल्याशिवाय जिंकलो का हारलो कळतच नाही. एन्टँगल्ड फोटॉनचं अगदी तसंच असतं, इकडे काहीही मोजा, तिकडच्याला त्याच्या बाजूला पन्नास-पन्नासच दिसणार, काडीचा फरक पडत नाही. दोन्हीकडचे आकडे फोन करून, मेल करून शेजारी आणले की मगच ती जुळणी दिसते. म्हणून एन्टँगलमेंटने निरोप जात नाही, आणि निरोपच जात नाही तर औषध कसं जाईल.

मागे बसलेल्या एका भाऊने पायावर थाप मारली. त्याला तिथेच समजलं.

फोटोचं काय होतं

मशीनवाल्याचं म्हणणं मान्य करायचं असेल तर फोटो अन् वावर मुळात एन्टँगल्ड असायला पाहिजेत. ते कसे होतील? सूर्याचा प्रकाश पानावर पडतो, परततो, मोबाईलच्या सेन्सरवर येऊन शोषला जातो आणि तिथे तो फोटॉन संपतो. त्याच्या जागी काही विजेचे सिग्नल, मग आकडे, मग व्हॉट्सॲप ते आकडे अजून दाबून लहान करतं. प्रयोगशाळेत दोन फोटॉनची गुंतलेली अवस्था टिकवायची म्हटलं तर केवढी मेहनत असते, काचेच्या तारेत जरा कमीजास्त झालं तरी ती बिघडते, आणि इथे उघड्या उन्हातलं पाच एकर वावर, वारा, पाऊस, ढोरं.

पण सगळ्यात मजबूत मुद्दा वेगळाच आहे. व्हॉट्सॲपचा फोटो तुम्ही दहा जणांना फॉरवर्ड करू शकता, दहाही सारखे. माहीत नसलेल्या क्वांटम अवस्थेची मात्र कॉपी काढताच येत नाही, निसर्गच काढू देत नाही. म्हणजे जे फॉरवर्ड होतं त्याला एन्टँगल्ड म्हणताच येत नाही. या एका वाक्याने त्या दिवशी जेवढं काम केलं तेवढं माझ्या बाकीच्या बोलण्याने केलं नाही.

आणि हे वाक्य आलं कुठून ते सांगायलाच पाहिजे, कारण या प्रकरणाचा जीव माझ्या मते तिथे आहे.

१९८२ ची गोष्ट

निक हर्बर्ट नावाच्या अमेरिकेतल्या भौतिकशास्त्रज्ञाने एक योजना मांडली, एन्टँगल्ड फोटॉन वापरून प्रकाशापेक्षा वेगाने निरोप पाठवायची. आपल्या मशीनवाल्याचा दावा त्याच जातीचा, फरक एवढा की हर्बर्ट प्रामाणिक होता आणि त्याने आपलं म्हणणं तपासायला मोकळं ठेवलं. योजना अशी की लांबच्या टोकाला आलेला एकटा फोटॉन लेझरच्या ॲम्प्लिफायरमधून नेऊन त्याच्या पुष्कळ कॉप्या करायच्या, मग त्या कॉप्यांवर वेगवेगळी मापं घेऊन ओळखायचं की अलीकडच्या टोकाला कोणतं माप घेतलं होतं. वाचायला बिनचूक वाटते. पेपर तपासायला ॲशर पेरेस यांच्याकडे आला तेव्हा त्यांना दिसलं की हे चूक असणारच, तरी त्यांनी छापा म्हणून सांगितलं, कारण चूक नेमकी कुठे आहे हे शोधताना काहीतरी महत्त्वाचं हाती लागेल असं त्यांना वाटलं. दुसरे एक तपासनीस, जानकार्लो गिरार्दी, यांनी तर चूक पकडून कळवलीच होती. मग १९८२ मध्येच वूटर्स आणि झुरेक यांनी, आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी, ती चूक सिद्धतेसकट छापली. ॲम्प्लिफायर कॉपी काढताना स्वतःचा गोंधळ त्यात मिसळतोच, कोणतंही यंत्र घ्या, अनोळखी क्वांटम अवस्थेची खरी कॉपी निघत नाही.

म्हणजे पाहा, निरोप जातो का नाही या प्रश्नावर काही लोक डोकं लावून बसले, ज्याचा त्या वेळी कोणालाही पैशाचा फायदा नव्हता, आणि त्यातून जो नियम निघाला त्याने मारेगाव-वणीच्या पट्ट्यातल्या एका कापूस गटाचे पैसे वाचवले. मी विदर्भातल्या एन्टँगलमेंटच्या उपयोगाचं पहिलं उदाहरण म्हणून हेच सांगीन, आणि मनापासून सांगते.

दुसरा उपयोग जास्त प्रसिद्ध आहे. कॉपी निघत नाही म्हणजे मधे कोणी चोरून वाचायला गेला तर खूण राहणार. यावर निरोप कुलूपबंद करायची गुप्त किल्ली पाठवायची पद्धत बेनेट आणि ब्रासार्ड यांनी डिसेंबर १९८४ मध्ये मांडली, आणि ती कुठे, तर आपल्या बंगलोरच्या एका परिषदेत. १९९१ मध्ये आर्टर एकर्ट यांनी तेच काम एन्टँगल्ड जोड्यांनी केलं आणि चोर आहे का नाही हे ओळखायला बेलची तीच १९६४ ची कसोटी वापरली. २०१७ मध्ये चीनच्या उपग्रहाने जमिनीवर एकमेकांपासून १२०० किलोमीटर लांब असलेल्या दोन ठाण्यांवर एन्टँगल्ड फोटॉन पोचवले. आपल्याकडे जून २०२५ मध्ये आयआयटी दिल्ली आणि डीआरडीओ यांनी मोकळ्या हवेतून १ किलोमीटरच्या वर एन्टँगलमेंटवर चालणारा सुरक्षित संपर्क करून दाखवला.

गटाने काय केलं

बैठकीत ठरलं की दावा खोटा आहे असं तोंडावर म्हणायचं नाही, त्याला तपासायची संधी द्यायची. अट अशी, आमच्यापैकी कोणाच्या कोणत्या तुकड्यावर उपचार करायचा ते आम्ही चिठ्ठी टाकून ठरवू, तुम्हाला त्याच तुकड्याचे फोटो पाठवू, बाकीचे तुकडे तसेच ठेवू, बोंडं मोजणाऱ्याला कोणता तुकडा कोणता ते सांगणार नाही, आणि पैसे मोजणी झाल्यावर. मोजायची पद्धत नवी शोधायची गरज नव्हती, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची शिफारस लोकांना माहीत आहे, वीस हिरवी बोंडं फोडायची, दोनात किंवा जास्तीत अळी निघाली म्हणजे आर्थिक नुकसानीची पातळी गाठली.

माणूस अटी ऐकून गेला तो परत आला नाही. पण एका भाऊने त्याआधीच दोन एकराचे पैसे भरलेले होते. मग तिथेच तपासू म्हटलं, त्याचं वावर अन् धुऱ्याला लागून असलेलं दुसरं, दोन्हीकडची बोंडं शाळेच्या पोरींनी फोडली, त्यांना कोणतं वावर कोणतं ते सांगितलेलं नव्हतं. दोन्हीकडे अळी निघाली, डावं-उजवं करण्यासारखं काही नव्हतं. दोन वावरांवरून विज्ञानाचा निकाल लागत नाही हे मला माहीत आहे आणि मी गटालाही तसं सांगितलं, पण पैसे ज्याचे गेले त्याला फोनवर उत्तर काय मिळालं ते ऐका: शेजारच्याने रासायनिक फवारणी केली म्हणून तुमची फ्रिक्वेन्सी तुटली. प्रत्येक निकालाला जागा असलेला दावा, म्हणजे तपासताच न येणारा दावा. बेलने नेमकं याच्या उलट केलं होतं, आइन्स्टाइनचं म्हणणं हरू शकेल असं ठिकाण त्याने शोधून दिलं.

काकाजींचा प्रश्न

सगळं झाल्यावर ओट्यावर चहा चालला होता तेव्हा गटातले सगळ्यात वयस्कर काकाजी म्हणाले, "पोरी, त्यानं खोटं का व्हईना पण आमच्या अळीचं नाव तरी घेतलं. तुह्या खऱ्या एन्टँगलमेंटनं आमच्या वावरात काय पिकते? अन् सरकार याच्यावर पैसा कायले लावते?"

राष्ट्रीय क्वांटम मिशन एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालं, २०३०-३१ पर्यंत ६००३ कोटी रुपये. काकाजींनी आकडा ऐकला आणि मनातल्या मनात तो कर्जात भागला, चेहऱ्यावर दिसत होतं. हा प्रश्न मी टाळणार नव्हते. तो चुकीचा नाहीच, ज्याच्या पिकाला भाव नाही त्याने तो विचारलाच पाहिजे.

मी त्यांना त्यांच्याच धुऱ्यावरचा कामगंध सापळा दाखवला. त्यात गुलाबी अळीच्या मादीचा वास लावलेला असतो, नर पतंग येऊन अडकतात, रोज रात्री सापळ्यात आठ पतंग असे सलग तीन रात्री आले की फवारणीचा निर्णय घ्यायचा, त्याच्या आधी नाही. हा सापळा आला कुठून? पतंगाच्या मादीला नर लांबून कसा शोधतो या नुसत्या कुतूहलातून. जर्मनीत बुटेनांट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जवळपास वीस वर्षं लावली, सुमारे पाच लाख रेशमी पतंगांच्या माद्या लागल्या, तेव्हा १९५९ मध्ये तो वास कोणत्या रसायनाचा ते कळलं. ते रेशमाच्या पतंगावर काम करत होते, कापसाच्या अळीवर नाही. गुलाबी बोंडअळीचा वास ओळखला गेला १९७३ मध्ये, त्याच वाटेने. १९५९ ला कोणी यवतमाळच्या शेतकऱ्याला विचारलं असतं की पाच लाख पतंग मारून काय मिळणार, तर त्याने काय सांगितलं असतं?

काकाजी म्हणाले, "म्हणजे सगळ्यातूनच सापळा निघते?"

नाही निघत. हे मी सरळ सांगितलं. पुष्कळ कुतूहल तसंच संपतं, आणि कोणतं संपेल कोणतं फळेल हे आधी कळत नाही, कळलं असतं तर फक्त फळणाऱ्यालाच पैसे दिले असते. बेलने पेपर छापला तो एका नव्या मासिकात जे काही वर्षांतच बंद पडलं. क्लाऊजरने स्टुअर्ट फ्रीडमनबरोबर १९७२ मध्ये पहिला प्रयोग केला, कॅल्शियमच्या अणूंमधून निघणारे फोटॉन वापरून, बरंचसं सामान इकडून तिकडून गोळा करून. आणि आस्पे जेव्हा बेलकडे आपल्या प्रयोगाची कल्पना घेऊन गेला तेव्हा बेलने पहिला प्रश्न विचारला, तुझी नोकरी पर्मनंट आहे का? होती, म्हणून तो करू शकला. आपल्याकडे हा प्रश्न पोराच्या लग्नात विचारतात, तिथे तो विज्ञानात विचारावा लागला, कारण एन्टँगलमेंटच्या प्रश्नाच्या मागे लागलेल्या तरुणाचं करिअर बुडेल अशी खरोखर भीती होती.

माझं मत असं आहे, आणि काकाजींना मी तेच सांगितलं, की ६००३ कोटी देताना दुसरीकडे बोंडअळीवर काम करणाऱ्यांना आणि कोरडवाहूला पैसे कमी पडत असतील तर त्यावर भांडलंच पाहिजे, पण भांडण या दोघांत लावू नका. फुकट कुतूहल आणि कामाचं संशोधन अशी वाटणी करून पहिलं तोडलं की वीस-तीस वर्षांनी दुसऱ्याच्या हाती काही नवं राहत नाही. काकाजींना हे पूर्ण पटलं असं नाही. ते म्हणाले, "कर्जाचं आमचं तसंच हाय पोरी." तेही खरं आहे.

आता गटाच्या रजिस्टरमध्ये एक पान वेगळं केलं आहे. कोणीही काहीही विकायला आला की त्याच्यासमोर ते उघडतात: तुकडे चिठ्ठीने आम्ही ठरवू, काही तुकडे बिनउपचाराचे राहतील, मोजणाऱ्याला माहीत नसेल, हरलात तर काय म्हणाल ते आधी लिहून द्या, पैसे नंतर. हरण्याची अट तक्तावाल्या पोट्ट्याने घालायला लावली. यंदा मातीत ऊर्जा भरणारं पाणी घेऊन एक जण आला होता, वहिनीने त्याला पान वाचून दाखवलं, अन् त्याने सहीसाठी पेन मागितला नाही.